उत्तर एकच येईल असा प्रश्न

आमच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय दरवर्षी तालुक्यातल्या शाळांसाठी सामान्यज्ञान स्पर्धा भरवतं. आठवी-नववीची मुलं, तिघांचा एक संघ, सकाळी लेखी चाळणी आणि दुपारी मंचावर अंतिम फेऱ्या. क्रीडा, कला, विज्ञान, इतिहास आणि निसर्ग हे पाच विषय ठरलेले. यंदा प्रश्न काढायची जबाबदारी कार्यकारिणीने माझ्यावर टाकली. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. मुलांना घेऊन अशा स्पर्धांना पुष्कळदा गेले आहे, पण प्रश्न घडवायचं काम पहिल्यांदाच हातात आलं.

ग्रंथपाल काकांनी कपाटातून मागच्या वर्षांच्या फायली काढून दिल्या आणि बाजारात मिळणारी सामान्यज्ञानाची गाइडंही समोर ठेवली. “बाई, प्रश्न हवे तेवढे मिळतील,” ते म्हणाले. “उत्तर पक्कं आहे का तेवढं बघा. मंचावर वाद होतो तो उत्तरावरून.”

फायली चाळायला घेतल्या आणि त्यांचं म्हणणं लगेच पटलं. ‘महाराष्ट्रात जिल्हे किती?’ या प्रश्नाखाली एका गाइडात 35 लिहिलेलं. 2014 साली पालघर वेगळा झाला तेव्हापासून ते 36 आहेत. ‘सर्वांत जास्त उपग्रह कोणत्या ग्रहाला?’ याचं उत्तर तर अलीकडे दोनदा फिरलं. 2023 च्या फेब्रुवारीत गुरूने शनीला मागे टाकलं, त्याच वर्षी मे महिन्यात शनी पुन्हा पुढे गेला आणि 2025 च्या मार्चमध्ये आणखी 128 उपग्रहांना मान्यता मिळून शनीचा आकडा 274 वर पोचला. फेब्रुवारी 2023 मध्ये छापलेलं पुस्तक त्या दिवशी बरोबर होतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत चुकीचं ठरलं. ‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?’ याखाली सगळीकडे हॉकी. खरं तर असा कोणताही खेळ जाहीर केलेला नाही. 2012 साली एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारलं तेव्हा केंद्रीय क्रीडा मंत्रालयानेच तसं लेखी कळवलं होतं. तरी पिढ्यान्‌पिढ्या मुलं हॉकी लिहितात आणि त्यांना पूर्ण गुण मिळतात. ‘नाही’ हे खरं उत्तर देणाऱ्या मुलाचा गुण जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून पहिला नियम केला तो असा, की प्रत्येक उत्तरासमोर ते कोणत्या तारखेपर्यंत खरं आहे ते लिहायचं. जे उत्तर सहा महिन्यांत बदलू शकतं, ते प्रश्नपत्रिकेत घ्यायचंच नाही. सर्वांत लांब पूल, सर्वांत मोठं स्टेडियम, सर्वांत श्रीमंत माणूस, हे सगळे प्रश्न त्या एका नियमाने बाहेर गेले. गेले ते बरंच झालं. त्यात मुलाने विचार करावा असं काही नव्हतंच.

दुसरी अडचण ‘पहिला’, ‘पहिली’, ‘पहिलं’ यांची. गाइडांमधले निम्मे प्रश्न याच साच्यातले. आमचा तालुका कृष्णाकाठचा, कराड हाकेच्या अंतरावर, तेव्हा खाशाबा जाधवांवर प्रश्न हवाच होता. छापील प्रश्न होता, ‘ऑलिम्पिकमध्ये पदक जिंकणारा पहिला भारतीय कोण?’ आणि उत्तर खाशाबा जाधव. आता नीट बघा. 1900 सालच्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी 200 मीटर धावणं आणि 200 मीटर अडथळा शर्यत अशी दोन रौप्यपदकं मिळवली, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ती भारताच्या खात्यावर धरते. 1928 ला ॲमस्टरडॅममध्ये हॉकी संघाने सुवर्ण जिंकलं, म्हणजे तेव्हाच कितीतरी भारतीयांच्या गळ्यात पदक पडलं. गोळेश्वरचे खाशाबा हेलसिंकीला कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले ते 1952 मध्ये. त्यांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही, पण प्रश्न मात्र मोडका आहे. ‘स्वतंत्र भारतासाठी वैयक्तिक ऑलिम्पिक पदक जिंकणारे पहिले खेळाडू कोण?’ असा केला तेव्हा उत्तराला एकच वाट उरली.

त्याला मी एक जोडप्रश्न लावला. भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला किती वर्षं लागली? उत्तर 44. 1996 मध्ये अटलांटाला लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य मिळवलं. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुन्हा वैयक्तिक पदक मिळालं ते थेट 2024 मध्ये पॅरिसला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला नेमबाजीत. नुसतं नाव पाठ असलेल्या मुलाला या आकड्यांतून खाशाबांच्या त्या कांस्याचं वजन कळतं.

इतिहासातही तेच. ‘पहिली भारतीय महिला डॉक्टर’ म्हटलं की आपल्याकडे आनंदीबाई जोशी आणि बंगालमध्ये कादंबिनी गांगुली. दोघींचं वैद्यकीय शिक्षण पूर्ण झालं ते एकाच वर्षी, 1886 मध्ये. एकीचं फिलाडेल्फियाला, दुसरीचं कोलकात्यात. प्रश्नात फिलाडेल्फिया घातलं आणि काम झालं. ‘भारतातली पहिली रेल्वे’ म्हणून बोरीबंदर ते ठाणे लिहायचं तर ‘प्रवासी’ हा शब्द हवाच, कारण 1853 च्या आधी, 1837 च्या सुमारास मद्रासजवळ दगड वाहून नेणारी रेल्वे धावली होती. एकेका विशेषणासाठी मी संध्याकाळच्या संध्याकाळ विश्वकोशाचे खंड उघडून बसायचे. वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश आता संगणकावरही वाचता येतो, पण आमच्या वाचनालयातले खंड हाताळत शोधताना शेजारची नोंद वाचली जाते आणि तिच्यातून आणखी एक प्रश्न निघतो, हा फायदा मला सोडवेना.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो हेलियमवर, आणि तो सगळा वेळ सत्कारणी लागला.

मराठी गाइडांत एक प्रश्न हमखास असतो. हेलियमचा शोध कोणत्या किल्ल्यावर लागला? उत्तर विजयदुर्ग. कार्यकारिणीतले आमचे ज्येष्ठ सभासद आप्पा मूळचे देवगड तालुक्यातले. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून ठेवलं होतं, “बाई, विजयदुर्गचा प्रश्न राहू दे हां. आमच्या किल्ल्यावर साहेबाचे, त्या इंग्रज शास्त्रज्ञाचे, कट्टे आहेत अजून, मी लहानपणी त्यावर बसलोय.” आप्पांचा आग्रह मला मनापासून आवडला. पण उत्तर तपासायचं तर तपासायचंच.

18 ऑगस्ट 1868 ला खग्रास सूर्यग्रहण झालं आणि सावलीचा पट्टा दख्खनवरून गेला, इथपर्यंत सगळं जुळत होतं. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन त्यासाठी गुंटूरला आले होते. जॉन हर्शेल जमखंडीला दुर्बीण लावून होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश त्यांनी वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिला आणि त्यात ठळक रेषा दिसल्या. त्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील हे जान्सेनच्या लक्षात आलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तसं करून पाहिलं. आता इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर. हेलियमचं नाव ज्यांच्याशी जोडलं जातं ते लॉकियर त्या ग्रहणाला भारतात नव्हतेच, ते इंग्लंडमध्ये होते. त्यांनी स्वतंत्रपणे तीच युक्ती काढली आणि 20 ऑक्टोबर 1868 ला इंग्लंडमधूनच, ग्रहणाविना, त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यात सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांच्या शेजारी एक तिसरी पिवळी रेषा होती. ती पृथ्वीवरच्या कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. त्यावरून त्यांनी नवं मूलद्रव्य मानलं. जान्सेन आणि लॉकियर या दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली आणि फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे असलेलं पदक पाडलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागलं ते 1895 मध्ये, विल्यम रॅमसे यांना, युरेनियमच्या एका खनिजातून.

मग विजयदुर्ग कुठून आलं? वाचता वाचता सापडलं. लॉकियर विजयदुर्गला खरोखरच आले होते, पण 30 वर्षांनी. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी त्यांनी विजयदुर्गला मोठी तुकडी घेऊन तळ ठोकला. त्याच ग्रहणाला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आपली उपकरणं घेऊन जेऊरला, करमाळ्याजवळ, गेले होते. म्हणजे माणूस खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरं. 1868 आणि 1898 ही दोन ग्रहणं सांगणाऱ्यांच्या तोंडी एकात एक मिसळून गेली एवढंच.

आप्पांना हे सांगायला मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागदावर दोन्ही तारखा लिहून घेतल्या आणि विचारलं, “म्हणजे लॉकियर आले होते ना नक्की?” म्हटलं, “आले होते, आप्पा. त्यांचा छापील अहवाल आहे, त्यात विजयदुर्गचं नाव आहे.” आप्पा खूश झाले. “मग झालं तर. तारीख सुधारली म्हणून किल्ला कुठे जातोय?” त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही ठरवलं, की प्रश्न वेगळा विचारायचा आणि विजयदुर्गची खरी हकिगत सूत्रसंचालकाने उत्तरानंतर मुलांना सांगायची. प्रश्न असा झाला: ‘एक मूलद्रव्य माणसाला आधी सूर्यावर सापडलं आणि 27 वर्षांनी पृथ्वीवर. त्याचं नावही सूर्याच्या ग्रीक नावावरून आलं. फुग्यात भरतात ते हे मूलद्रव्य कोणतं?’

या प्रश्नाने मला माझ्या कामाची दिशा दाखवली. ‘हेलियमचा शोध कधी लागला?’ असं विचारलं तर मुलाला 1868 हा आकडा माहीत असतो किंवा नसतो. नसेल तर तो गप्प बसतो, खाली बघतो. पण वरचा प्रश्न ऐकताना पाठ केलेलं काही नसलं तरी डोकं चालू लागतं. सूर्यावर आहे म्हणजे बहुतेक वायू असेल. फुग्यात भरतात म्हणजे हलका. हायड्रोजन? पण हायड्रोजन तर पृथ्वीवर आधीपासून माहीत होता. मग हेलियम. मुलगा स्वतः चालत उत्तरापाशी येतो. असा प्रश्न काढायला पाचपट वेळ लागतो आणि तो द्यायला माझी पूर्ण तयारी होती.

मग मी यादीतला प्रत्येक प्रश्न या नजरेने पुन्हा लिहायला घेतला. ‘कैलास लेणं कोणी खोदलं?’ याचं उत्तर राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आणि ते पाठांतराचं उत्तर. त्याऐवजी लिहिलं, ‘महाराष्ट्रातल्या या मंदिराचा कळस आधी झाला आणि पाया सर्वांत शेवटी. मंदिर कोणतं, आणि असं का करावं लागलं?’ वेरूळचं सोळा क्रमांकाचं लेणं म्हणजे डोंगराच्या एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलेलं मंदिर. वरून सुरुवात केल्यावर फोडलेला दगड खाली पडतो आणि परांच्या बांधाव्या लागत नाहीत, हे गवंड्याच्या घरातलं मूल पटकन सांगेल असं मला वाटलं. त्याप्रमाणे उत्तराच्या दुसऱ्या भागाला वेगळे गुण ठेवले.

क्रीडा विभागातला माझा सर्वांत आवडता प्रश्न भाऊसाहेब निंबाळकरांवरचा. 1948 च्या डिसेंबरमध्ये पुण्यात रणजी करंडकाचा सामना चालू आहे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचे निंबाळकर 443 धावांवर नाबाद आहेत. डॉन ब्रॅडमनचा त्या वेळचा जागतिक विक्रम 452, म्हणजे त्याची बरोबरी करायला फक्त 9 धावा हव्यात. निंबाळकर बाद झाले नाहीत. महाराष्ट्राने डाव घोषित केला नाही. पाऊस आला नाही. तरी त्या 9 धावा कधीच झाल्या नाहीत. का? प्रतिस्पर्धी संघाने पुढे खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला. आपल्याविरुद्ध असा विक्रम नोंदला जाऊ नये म्हणून. इतका मोठा डाव खेळलेल्या या माणसाला एकही अधिकृत कसोटी सामना मिळाला नाही, हेही मुलांना कळायला हवं होतं. म्हणून ते सूत्रसंचालकाच्या कागदावर लिहिलं.

बझर फेरीचं तंत्र वेगळं. तिथे प्रश्न पूर्ण व्हायच्या आत बझर वाजतो, त्यामुळे खुणा अवघडाकडून सोप्याकडे जायला हव्यात. नाहीतर ज्याला सगळ्यात जास्त माहीत आहे त्याऐवजी ज्याचा हात सगळ्यात जलद त्याला गुण मिळतात. शेकरूचा प्रश्न मी असा रचला: ‘हा प्राणी झाडांच्या शेंड्याजवळ काटक्यापानांची गोल घरटी करतो, एकाच वेळी एकाहून जास्त... जमिनीवर क्वचितच उतरतो, फांदीवरून फांदीवर लांब उड्या घेतो... हा खारीच्या कुळातला, पण अंगाने खारीच्या कितीतरी पट... भीमाशंकरच्या जंगलात दिसतो... आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.’ राज्यप्राणी हा शब्द अगदी शेवटी. पाठ केलेल्यालाही संधी आहे, पण जंगलात नजर वर करून हिंडलेल्याचा बझर आधी वाजेल.

निसर्गाच्या विभागाबद्दल माझा विशेष आग्रह होता, तो मोकळेपणाने सांगते. तालुक्याच्या गावातल्या शाळांतली मुलं शिकवणीला जातात, त्यांच्या घरी चालू घडामोडींची मासिकं येतात. वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांकडे ते नसतं. पण सुगरणीचं अर्धवट घरटं विहिरीवरच्या बाभळीला लटकलेलं त्यांनी रोज पाहिलेलं असतं. ज्ञान ते पण आहे आणि स्पर्धेत त्याला जागा हवी. म्हणून श्राव्य फेरीत कोकिळेचा आवाज घेतला आणि विचारलं, हा गाणारा पक्षी नर की मादी, आणि त्याचा रंग कोणता? गातो तो नर, काळाभोर, मादी तपकिरी आणि ठिपक्यांची. सुगरणीबद्दल विचारलं, घरटं कोण विणतं आणि काही घरटी अर्धवटच का सोडलेली दिसतात?

प्रश्न कागदावर उतरले की माझ्या भाच्याला आणि शेजारच्या काकूंना मोठ्याने वाचून दाखवायचे. भाचा दहावीत, काकूंचं शिक्षण चौथीपर्यंत. ही जोडी फार उपयोगी पडली. डोळ्यांना चांगलं दिसणारं वाक्य कानाला जड जातं, हे वाचून दाखवल्याशिवाय कळत नाही. प्रश्नात दोन कंस आणि एक ‘ज्यांनी’ आला की काकू “परत वाच” म्हणायच्या, आणि मी ते वाक्य तोडायचे. निंबाळकरांचा प्रश्न ऐकल्यावर भाचा म्हणाला, “समोरची टीमच निघून गेली असणार!” तो बरोबर आहे असं सांगितल्यावर त्याला स्वतःलाच खरं वाटेना. काकू म्हणाल्या, “आमच्या आट्यापाट्यात पण पोरं अशीच डाव मोडून जायची.” तेव्हाच मी तो प्रश्न अंतिम फेरीसाठी बाजूला ठेवला.

उत्तरपत्रिकेला मी चार रकाने केले. उत्तर, उत्तराचा आधार, ग्राह्य धरायची इतर उत्तरं, आणि ग्राह्य नसलेली पण हमखास येणारी उत्तरं व ती का नाहीत त्याचं कारण. हा चौथा रकाना बघून सूत्रसंचालक सर म्हणाले होते, “एवढं कशाला, बाई?” स्पर्धेच्या दुपारी तोच रकाना कामी आला.

कलेच्या फेरीत प्रश्न होता, ‘संपूर्णपणे भारतात तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा मूकपट कोणता?’ एका संघाने ‘राजा हरिश्चंद्र’ सांगितलं, गुण मिळाले. लगेच मागच्या रांगेतून एका शाळेचे शिक्षक उठले. “हरकत आहे. दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ आधीचा.” सभागृहात कुजबुज सुरू झाली. सरांनी चौथा रकाना वाचला. ‘पुंडलिक’ 18 मे 1912 ला मुंबईत कॉरोनेशन चित्रपटगृहात दाखवला गेला, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या जवळजवळ वर्षभर आधी. पण ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली. फाळक्यांचा चार रिळांचा चित्रपट 3 मे 1913 ला त्याच कॉरोनेशनमध्ये लागला, आणि त्याचं चित्रण, प्रक्रिया, छपाई सगळं इथेच झालं होतं. ‘संपूर्णपणे भारतात’ हे शब्द प्रश्नात त्यासाठीच आहेत. शिक्षकांनी मान डोलावली आणि म्हणाले, “तोरण्यांचं नाव मंचावरून घेतलंत, माझं काम झालं.” वाद मिनिटभरात मिटला. शिवाय शे-दोनशे मुलांना तोरण्यांचं नाव कळलं, जे नुसत्या प्रश्नाने कळलं नसतं.

वेरूळच्या प्रश्नाचा दुसरा भाग खरंच एका गवंडीकाम करणाऱ्याच्या मुलाने सोडवला. “परांच्या लागत नाही ना,” एवढंच म्हणाला. सुगरणीचं उत्तर अपेक्षेप्रमाणे वस्तीशाळेच्या संघाकडून आलं, आणि तेही पूर्ण. नर विणतो, मादी येऊन बघते, आवडलं तर नर पुढचा बोगदा पूर्ण करतो, नाही आवडलं तर तसंच सोडून दुसरं विणायला घेतो. त्या मुलीने हाताने घरट्याचा आकार दाखवत सांगितलं.

शेवटी दोन संघ बरोबरीत आले. बरोबरी फोडायला मी काही माहितीचा प्रश्न ठेवलाच नव्हता. दोन्ही संघांना कोरा कागद आणि पेन्सिल दिली. सरांनी सांगितलं: 2025 हा आकडा घ्या. त्यातले अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. हे कुठे थांबतं ते जो आधी सांगेल तो संघ विजयी.

सभागृहातली मुलंही वह्या काढून बसली. मी मंचाच्या कडेला उभी होते, वस्तीशाळेच्या संघातली मुलगी माझ्या अगदी समोर. 5220 वजा 0225. डावीकडचं शून्य लिहायचं की नाही म्हणून ती क्षणभर अडली, मग लिहिलं. 4995. पुढे 9954 वजा 4599, 5355. मग 1998. मग 8082. शेजारचा मुलगा प्रत्येक वजाबाकी बोटांवर पडताळत होता. 8532. आणि मग 6174. तिने 7641 वजा 1467 केलं, पुन्हा 6174. पेन्सिल थांबली. तिने आणखी एकदा केलं. “सर, पुढे तेच येतंय,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या संघाची पाचवी पायरी तेव्हा चालू होती.

सरांनी मग देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांची गोष्ट सांगितली. डहाणूला 1905 साली जन्मलेला हा शिक्षक संख्यांशी खेळायचा. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत 6174 वर येऊन थांबते, हे त्यांनी शोधून काढलं. आज ती संख्या जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. गणितावर लिहिणारे लेखक मार्टिन गार्डनर यांनी 1975 मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं, त्यानंतर बाहेरच्या गणितज्ञांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. बक्षीस समारंभ सुरू झाला तरी मागच्या बाकांवरची मुलं आपापल्या जन्मसालाच्या वजाबाक्या करत होती.

यंदा आम्ही सभागृहाच्या दाराशी एक पेटीही ठेवली होती. बघायला आलेल्या मुलांनी आपल्याला पडलेला प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाकायचा, उत्तर येत नसलं तरी चालेल. चिठ्ठ्या मी घरी आणल्या आहेत. एकीने विचारलंय, कारवी दरवर्षी का फुलत नाही? एकाने, चंद्रावर पावसाळा का नाही? एका चिठ्ठीत फक्त एवढंच आहे: ‘आमच्या पारावरच्या वडाला फळं येतात. फुलं का दिसत नाहीत?’

ही शेवटची चिठ्ठी पुढच्या वर्षीच्या यादीत सर्वांत वर गेली. वड, पिंपळ, उंबर हे सगळे एकाच कुळातले, त्यांची फुलं त्या गोल फळासारख्या दिसणाऱ्या भागाच्या आतच असतात, आणि शेंड्याच्या बारीक भोकातून आत शिरणारी चिमुकली वरटी, म्हणजे गांधीलमाशीच्या जातकुळीतला बारीक कीटक, परागीभवन करते. वडाची आणि उंबराची वरटी वेगवेगळ्या जातीची असते, तो आधार मी विश्वकोशात आणि वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात तपासला. प्रश्नाची शब्दरचना सध्या अशी आहे: ‘पारावरच्या वडाचं लाल फळ मधोमध चिरलं तर आत तुम्हाला काय काय दिसेल, आणि त्यातलं कोणतं बाहेरून आत आलेलं असेल?’ आता तो काकूंना वाचून दाखवायचा आहे.